‘नेमणूक’ आणि ‘निवडणूक’ : पोलिसांवरील लोकनियुक्त देखरेखीविषयीच्या अविश्वासाचा भाषिक विचार

१

पोलिसांच्या कारभारावर स्थानिक लोकांनी निवडून दिलेल्या अधिकाऱ्याची देखरेख असावी की नसावी, हा प्रश्न सकृद्दर्शनी राज्यशास्त्राचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेतल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु या प्रश्नावरील आपले मत सामान्य मनुष्य सिद्धांताच्या परिभाषेत मांडीत नसतो. तो ते म्हणींतून, वाक्प्रचारांतून आणि नित्याच्या शब्दांतून मांडतो. ‘कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करायची?’ एवढे बोलून तो थांबतो, आणि त्यात त्याचे सारे राजकीय तत्त्वज्ञान आलेले असते. म्हणून लोकांचा हा अविश्वास नेमका कशाविषयी आहे हे समजून घ्यावयाचे, तर त्यांच्या शब्दांची छाननी करणे हा एक उपयुक्त मार्ग ठरतो. प्रस्तुत लेखात तोच मार्ग अवलंबिला आहे, व उदाहरणे शक्य तो सोलापूर शहर व जिल्हा यांच्या अनुभवातून घेतली आहेत.

प्रथम वस्तुस्थिती नमूद केली पाहिजे. भारतात पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत आहे. १९५१ च्या पोलीस अधिनियमानुसार, जो मुळात मुंबई राज्याचा व आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, पोलीस दलाचे अधीक्षण राज्यशासनाकडे आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्याकडे सोपवावयाच्या विषयांच्या दोन याद्या घटनेत घातल्या. पहिलीत २९ व दुसरीत १८ विषय आहेत. नागरी यादीत अग्निशमन सेवा आहे, दहनभूमी व दफनभूमी आहेत, कोंडवाडेही आहेत. पोलीस मात्र दोहोंपैकी एकाही यादीत नाही. सोलापुरात १९६४ पासून महानगरपालिका आहे आणि १९९२ पासून पोलीस आयुक्तालय आहे. पण पहिल्या संस्थेचा दुसरीवर कसलाही अधिकार चालत नाही. नगरसेवकाने रस्त्यावरील दिव्याचा जाब विचारावा हे कायद्याला मान्य आहे. त्याच दिव्याखाली उभ्या असलेल्या शिपायाचा जाब त्याने विचारावा, अशी योजना कायद्यात नाही.

२

आता शब्दांकडे वळू. ‘नेमणूक’ आणि ‘निवडणूक’ हे दोन्ही शब्द ‘-णूक’ या एकाच प्रत्ययाने बनलेले आहेत. ‘वागणूक’, ‘करमणूक’, ‘फसवणूक’ हे त्यांचे सोबती. परंतु त्यांचे धातू भिन्न प्रकृतीचे आहेत. ‘नेमणे’ हे ‘नेम’ या नामावरून आले, आणि ‘नेम’ म्हणजे संस्कृत ‘नियम’ याचे तद्भव रूप. नेमणे म्हणजे ठरवून देणे, स्थिर करणे. नेमणारा वर असतो, नेमलेला खाली असतो, आणि नेमणुकीचा कागद वरून खाली येतो.

‘निवडणे’ हा मुळात घरातला शब्द आहे. तांदूळ निवडतात, मेथी निवडतात. या क्रियेत चांगले घेण्याइतकेच वाईट काढून टाकणे महत्त्वाचे असते. किंबहुना सुपासमोर बसलेल्या बाईचे लक्ष दाण्यांपेक्षा खड्यांकडेच अधिक असते. खडे राहिले तर निवडणे व्यर्थ गेले असे आपण समजतो. राजकीय ‘निवडणूक’ या शब्दाने हा दुसरा अर्थ जवळजवळ गमावला आहे. मतपत्रिकेवर जे आहे त्यातून एक घ्यावयाचे, इतकाच आता तिचा अर्थ उरला. लोकांची पहिली तक्रार येथेच उद्भवते. ‘आम्ही निवडतो, पण आमच्या सुपात काय घालायचे ते दुसरेच ठरवतात’, या आशयाचे उद्गार गावोगाव ऐकू येतात. हा निवडणुकीच्या तत्त्वावरील अविश्वास नव्हे. निवडण्याची क्रिया अपुरी राहिल्याची ती जाणीव आहे.

तिसरा एक शब्द याहून मनोरंजक आहे, तो ‘लोकनियुक्त’. निवडून आलेल्या प्रतिनिधीला आपण ‘लोकनियुक्त’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘लोकांनी नेमलेला’. निवडणुकीचे वर्णन आपण नेमणुकीच्या शब्दाने करतो. या शब्दात एक मोठी अपेक्षा दडलेली आहे: नेमणारा ज्याप्रमाणे नेमलेल्याला केव्हाही हिशेब विचारू शकतो, त्याप्रमाणे लोकांनाही आपल्या माणसाला विचारता यावे. व्यवहारात तसे होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. शब्दाने दिलेले वचन संस्था पाळीत नाही, तेव्हा लोक शब्दाकडेच संशयाने पाहू लागतात.

३

पोलीस-व्यवस्थेच्या शब्दसंपत्तीतही हाच वरचा-खालचा भेद दिसतो. ‘फौजदार’ हा शब्द अरबी ‘फौज’ व फारसी ‘-दार’ यांचा बनलेला असून तो मोगल अमलातील लष्करी-मुलकी अधिकाऱ्याचा वाचक होता. ‘शिपाई’ हाही फारसीतून आलेला, सैन्याशीच नाते सांगणारा शब्द. उलट ‘पाटील’ हा शब्द जुन्या लेखांतील ‘पट्टकिल’ या रूपापासून आलेला, गावाच्या जमिनीशी व वतनाशी जोडलेला. ‘चावडी’ हा कन्नड व तेलुगू या शेजारच्या भाषांतही नांदणारा शब्द. गावाने एकत्र बसण्याची, सारा भरण्याची आणि तंटे ऐकण्याची ती जागा. सोलापुरात या दोन प्रवाहांचा संगम एका पोलीस ठाण्याच्या नावात झालेला आहे. ‘फौजदार चावडी’ हे नाव मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी बोलणारे सारे सोलापूरकर रोज उच्चारतात. परंतु त्यातला पहिला शब्द वरून आलेल्या सत्तेचा व दुसरा खालून उभ्या राहिलेल्या बैठकीचा आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

‘कोतवाल’ या शब्दाचा प्रवास याहून बोधप्रद आहे. पेशवाईतील पुण्यात कोतवाल हा शहराच्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी होता. घाशीराम कोतवालाचा १७९१ मध्ये जमावाच्या हातून अंत झाला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तिच्यातील नाट्य बाजूला ठेवले तर उरणारा बोध असा की, ज्या अधिकाऱ्यावर नेमणाऱ्यावाचून कोणाचीच देखरेख नसते, त्याच्याविरुद्ध दाद मागण्याचे दोनच मार्ग लोकांपुढे राहतात: नेमणाऱ्याच्या वाड्यापुढे गर्दी करणे, अथवा दगड उचलणे. पुढे महाराष्ट्रात ‘कोतवाल’ म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावकामगार ठरला. शब्दाचा असा अर्थापकर्ष झाला. प्रश्न मात्र तेथेच राहिला.

खुद्द ‘पोलीस’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील नगरवाचक शब्दात आहे. युरोपात त्याचा अर्थ दीर्घकाळ ‘नगराचा सुव्यवस्थित कारभार’ असाच होता. इंग्लंडात १८३५ च्या नगरपालिका कायद्याने शहर-पोलिसांवर देखरेख ठेवण्यासाठी निवडून आलेल्या सभासदांच्या समित्या स्थापन केल्या. त्याच इंग्रजांनी हिंदुस्थानात मात्र हा नमुना आणला नाही. सर चार्ल्स नेपियर याने १८४३ नंतर सिंधमध्ये आयरिश सशस्त्र पोलिसांच्या धर्तीवर दल उभारले, आणि मुंबई इलाख्याने १८५३ मध्ये त्याचेच अनुकरण केले. राज्यकर्त्यांना आपल्या घरी जे नगराचे सेवक हवे होते, तेच वसाहतीत राज्याची फौज म्हणून हवे होते. ‘पोलीस’ हा शब्द आपल्याकडे आला तो त्यातील नगर गमावून आला.

सोलापुराने या विसंगतीची किंमत मोजली आहे. ६ एप्रिल १९३० रोजी येथील नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज उभारला. मताधिकार त्या काळी मर्यादित होता, तरी ती शहरवासीयांच्या प्रतिनिधींची संस्था होती. महिनाभरानंतर, महात्मा गांधींच्या अटकेने शहर पेटले असता, ८ मे रोजी पोलिसांनी लोकांवर गोळीबार केला. त्यानंतर काही दिवस पोलीस शहरातून काढून घेण्यात आले व रहदारीसारखी कामे स्वयंसेवकांनी सांभाळली. त्यावर सरकारचे उत्तर लष्करी कायद्याच्या रूपाने आले. तो जूनअखेरपर्यंत चालला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. नगरपालिका लोकांची आणि पोलीस सरकारचे, हा भेद या शहराने पुस्तकात वाचलेला नाही.

४

मग प्रश्न असा की, इतका इतिहास पाठीशी असताना, पोलिसांवर निवडलेल्या माणसाची देखरेख असावी असे म्हणताच लोक मान का हलवितात? त्याची चार कारणे त्यांच्या बोलण्यातून वेगळी काढता येतात.

पहिले कारण गटाचे. ‘पाचामुखी परमेश्वर’ आणि ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणी लोकसमूहावर विश्वास दाखवितात. पण त्या निवडणुकीच्या म्हणी नव्हेत. पंच हे मते मोजून ठरत नसत. दोन्ही पक्षांना मान्य असणे हीच त्यांची पात्रता असे. निवडून आलेला मनुष्य मात्र कोणाला तरी पाडून आलेला असतो. ‘निवडून येणे’ या वाक्प्रचाराची सावली म्हणजे ‘पडणे’. पडलेल्या गटातील मनुष्य ठाण्यात तक्रार घेऊन गेला, आणि त्या ठाण्यावर जिंकलेल्या गटाची देखरेख असली, तर त्याने काय आशा करावी? २००७ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत समितीची निवड ग्रामसभेवर सोपविण्यात आली. तिच्याद्वारे पुष्कळ ठिकाणी तंटे मिटले. परंतु तंटामुक्तीच्या अध्यक्षपदावरूनच तंटा झाल्याचा विनोद खेडोपाडी रूढ झाला, हेही विसरता येत नाही.

या दृष्टीने पोलीस पाटलाच्या पदाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने व १८७४ च्या वतन कायद्याने हे पद वंशपरंपरेच्या चौकटीत बसविले होते. पाटील गावचा होता, पण गावाने निवडलेला नव्हता. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची पदे पुढील वर्षारंभापासून रद्द झाली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशाऐवजी पात्रतेवर आधारले. त्याची नेमणूक उपविभागीय अधिकारी करतो. म्हणजे गावात सरपंच निवडलेला आणि पोलीस पाटील नेमलेला, अशी जोडी आहे. सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांतून, याविषयी कायदा २०१७, २०२० व २०२२ मध्ये तीनदा फिरला. पोलीस पाटील निवडून द्यावा, अशी मागणी मात्र लोकांतून जोराने पुढे आली नाही. निवडणुकीने दुभंगलेल्या गावात एक तरी पद निवडणुकीबाहेर असावे, असे लोकांना वाटत असावे, हा त्याचा एक संभाव्य अर्थ होय.

दुसरे कारण अपरिचयाचे. ज्या पदाचे काम कळत नाही त्यासाठी लोक मत देत नाहीत. याचा ठळक दाखला इंग्लंड व वेल्समध्ये मिळतो. तेथे २०११ च्या कायद्याने लंडनबाहेरील प्रत्येक पोलीस-क्षेत्रासाठी लोकनिर्वाचित आयुक्ताचे पद निर्माण केले. १५ नोव्हेंबर २०१२ रोजी ४१ क्षेत्रांत पहिली निवडणूक झाली; शंभरांपैकी सुमारे पंधरा मतदारांनीच मतदान केले, आणि न्यूपोर्ट येथील एका केंद्रावर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश शासनाने ही पदे २०२८ मध्ये रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. अमेरिकेत याउलट बहुतेक राज्यांत काउंटीचा शेरीफ लोक निवडून देतात व ते पद सर्वांच्या परिचयाचे असते. तोच ‘शेरीफ’ शब्द मुंबईत आला तो मात्र केवळ मानाचे, नेमणुकीने मिळणारे पद दर्शविण्यासाठी. संस्था समुद्र ओलांडते तेव्हा शब्द पोहोचतो, पण त्यामागचा परिचय पोहोचतोच असे नाही.

तिसरे कारण सातत्याचे. सोलापूर महानगरपालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली, आणि पुढील निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधली सुमारे चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. पाणी आणि रस्ते यांची देखरेख जर इतका काळ प्रतिनिधींवाचून राहू शकते, तर पोलिसांची देखरेख त्याच प्रतिनिधींच्या हाती दिल्याने काय साधेल, या प्रश्नाला सहज उत्तर देता येत नाही.

चौथे कारण सर्वांत गंभीर आहे, आणि ते बहुसंख्यांच्या बोलण्यात क्वचितच येते. सोलापुरात ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जाणारा भाग आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ पासून चालत आलेल्या कायद्यान्वये ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांतील अनेकांना येथे तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले होते. त्यांच्या जीवनातील प्रमुख शब्द ‘हजेरी’ हा होता. शाळेतील मुलाला हजेरी म्हणजे उपस्थितीची नोंद. या लोकांना हजेरी म्हणजे आपण पळालो नाही याचा दररोजचा पुरावा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला, आणि त्या दिवसाची स्मृती विमुक्त दिन म्हणून आजही पाळली जाते. परंतु चोरी झाली की प्रथम कोणाच्या पालावर जावयाचे, याविषयीची समजूत कायद्याबरोबर संपली नाही. आता कल्पना करावी की, पोलिसांवर देखरेख ठेवणारा अधिकारी निवडून द्यावयाचा आहे, आणि उमेदवार ‘गावाबाहेरच्या वस्तीचा बंदोबस्त करतो’ असे आश्वासन देऊन मते मागत आहे. ज्यांची मते थोडी, त्यांना अशा निवडणुकीतून संरक्षण मिळेल की नवी हजेरी? हा संशय लोकशाहीविरोधी नाही. मोजणीने न्याय ठरत नाही, हे अनुभवाने शिकलेल्या माणसांचा तो इशारा आहे.

५

तथापि येथेच थांबून ‘म्हणून आहे तेच बरे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. निवडलेल्यांविषयीचा संशय हा नेमलेल्यांविषयीच्या विश्वासाचा पुरावा नव्हे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणणारा समाज ठाण्याची पायरी आनंदाने चढतो, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय निवडून आलेल्यांचा पोलिसांवर आज प्रभाव नाही, असेही नाही. तो आहे, पण त्याला लोकांनी दिलेली नावे ‘वशिला’, ‘दबाव’ आणि ‘फोन’ ही आहेत. अधिकृत देखरेखीच्या अभावी अनधिकृत देखरेख चालते, आणि तिचे कागद कोठेही उरत नाहीत.

या अवस्थेवर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी जे आदेश दिले, त्यांत राज्य सुरक्षा आयोग आणि राज्य व जिल्हा पातळीवरील पोलीस तक्रार प्राधिकरणे यांचा समावेश होता. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने राज्य प्राधिकरणाची व जिल्ह्याऐवजी विभागीय पातळीवरील प्राधिकरणांची तरतूद केली. ही मंडळे नेमलेली आहेत, निवडलेली नाहीत. त्यांच्या अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश असतो. म्हणजे गटबाजीची व बहुसंख्येच्या जुलमाची भीती येथे कमी होते; पण सोलापूरच्या तक्रारदाराला विभागाचे ठिकाण पुणे आहे, आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवरील देखरेखीचे नावही पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्लंडात निवडलेल्या पदाला जे अपरिचयाचे दुखणे जडले, तेच येथे नेमलेल्या मंडळालाही जडते. तात्पर्य, नेमणूक की निवडणूक हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी मूळ प्रश्न तो नव्हे.

मूळ प्रश्न कोणता, हे दाखविणारी एक शब्दांची जोडी मराठीत आहे. ‘जाब’ आणि ‘जबाब’ हे दोन्ही शब्द ‘जवाब’ या एकाच अरबी शब्दापासून फारसीमार्गे आले. परंतु मराठीने त्यांची कामे वाटून दिली. जाब विचारला जातो तो अधिकाऱ्याला. जबाब घेतला जातो तो नागरिकाचा. ठाण्याच्या भाषेत ‘जबाब नोंदविणे’ म्हणजे नागरिकाने बोलायचे व पोलिसाने लिहायचे. उलट दिशेचा, म्हणजे पोलिसाने बोलायचे व नागरिकाच्या वतीने कोणी लिहून घ्यायचे असा जबाब ठाण्याच्या रूढ व्यवहारात नाही. ‘जबाबदार’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्याच्याकडे उत्तर आहे तो’ असा आहे. आज मात्र ‘जबाबदारी’ म्हणजे केवळ अंगावर पडलेले काम. उत्तर गळाले आणि ओझे राहिले.

या दृष्टीने पाहिले असता ‘देखरेख’ व ‘हुकूम’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवणे किती आवश्यक आहे, हे ध्यानात येईल. कोणाला अटक करावी, कोणाचा तपास करावा, हे सांगणे म्हणजे हुकूम. तो निवडलेल्या माणसाच्या हाती जाऊ नये, ही लोकांची भीती पूर्णपणे योग्य आहे. किती तक्रारी आल्या, किती नोंदल्या, किती नाकारल्या, कोठडीत कोणाला इजा झाली आणि तिची चौकशी कोठवर आली, हे ठरावीक मुदतीने, जाहीर ठिकाणी, लोकांच्या भाषेत विचारणे म्हणजे देखरेख. ती लोकांच्या प्रतिनिधींकडे देण्यात तेवढे भय नाही. आणि अशा बैठकीत ज्यांची मते थोडी त्यांना संख्येवर अवलंबून नसलेली जागा राखून ठेवावी लागेल, हेही उघड आहे. आपल्याकडील वादात हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. समर्थक देखरेखीविषयी बोलत असतात, विरोधक हुकुमाविषयी. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि वाद मिटत नाही.

‘फौजदार’ आणि ‘जबाबदार’ या दोन शब्दांना एकच प्रत्यय लागलेला आहे. एकाच्या हाती फौज आहे, दुसऱ्यापाशी उत्तर आहे. लोकांचा अविश्वास दूर व्हावयाचा असेल, तर पहिल्याला दुसरा करण्याची रीत घालून द्यावी लागेल. ती निवडणुकीने पडते की नेमणुकीने, याचा निर्णय त्या रीतीची गरज मान्य झाल्यावर घेता येईल.